१८५७ ची आठवण नक्की कोणाची? स्मारकं, पुतळे आणि वाद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दीडशेच्या वर वर्षं झाली, अजून १८५७ वरून भांडणं कशाला?

कारण तेव्हाही सगळे एका बाजूला नव्हते. १० मे ला मेरठचे शिपाई उठले, रातोरात दिल्ली गाठली, म्हाताऱ्या बहादूरशहाला बादशहा म्हणून पुढे केलं, मग कानपूर, लखनौ, झाशी, बिहार असं सगळं पेटत गेलं, पण त्याच वेळी मद्रास इलाखा जवळजवळ शांत होता आणि शीख, गुरखा पलटणी इंग्रजांकडून लढत होत्या. आपल्या मराठी लोकांचंच बघा ना, नानासाहेब, तात्या टोपे, राणी लक्ष्मीबाई एकीकडे आणि ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे इंग्रजांकडे, आणि त्याच शिंद्यांचं सैन्य जून १८५८ मधे फुटून राणी-तात्यांना मिळालं. एकाच घराण्याच्या चाकरीतले लोक दोन बाजूंना होते, तर नातवंडा-पतवंडांची आठवण एकसारखी कुठून असणार.

दुसरं म्हणजे जे जिंकले त्यांनी लगेच दगडात लिहून ठेवलं आणि जे हरले त्यांना नव्वद वर्षं तोंड उघडता आलं नाही. ही नव्वद वर्षं डोक्यात ठेवली की पुढचे बरेचसे वाद समजायला लागतात.

बंड म्हणायचं, उठाव म्हणायचं की स्वातंत्र्ययुद्ध?

मी उठाव म्हणते. स्वातंत्र्ययुद्ध म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण शंभर वर्षं झाली तेव्हा म्हणजे १९५७ मधेसुद्धा मोठमोठ्या इतिहासकारांचं यावर जमलं नव्हतं. सरकारनं सुरेंद्रनाथ सेन यांच्याकडून इतिहास लिहून घेतला, त्याला मौलाना आझादांची प्रस्तावना आहे, आणि सेन यांचं म्हणणं साधारण असं की धर्मासाठी सुरू झालेली लढाई शेवटी स्वातंत्र्याची लढाई झाली. त्याच वर्षी रमेशचंद्र मजुमदारांनी आपलं वेगळं पुस्तक काढून ठणकावून सांगितलं की हे पहिलंही नाही, राष्ट्रीयही नाही आणि स्वातंत्र्ययुद्धही नाही. शताब्दीच्या सोहळ्यात असं लिहायला छाती लागते. मला त्यांचं सगळं पटत नाही, पण ते लिहिलं गेलं आणि छापलं गेलं हे मला फार चांगलं वाटतं.

इंग्रजांनी सगळ्यात मोठं स्मारक कुठं केलं?

त्यांच्यासाठी सगळ्यात पवित्र जागा म्हणजे कानपूरची विहीर. तिथं काय झालं ते आधी सांगते. जून १८५७ मधे वेढ्यात अडकलेल्या इंग्रजांनी नानासाहेबांकडून सुरक्षित जाण्याचं वचन घेऊन शरणागती दिली, २७ जूनला सतीचौरा घाटावर ते होड्यांत चढत असताना गोळीबार झाला, बरेचसे तिथंच मेले, वाचलेल्या बायकामुलांना बीबीघर नावाच्या एका बंगलीत कोंडलं, आणि १५ जुलैला इंग्रज फौज जवळ आल्यावर तिथल्या साधारण दोनशे बायकामुलांना मारून प्रेतं विहिरीत टाकली.

पुढे त्या विहिरीवर कार्लो मारोकेत्ती या शिल्पकारानं घडवलेला संगमरवरी देवदूत बसवला, भोवती गॉथिक धाटणीची कोरीव दगडी जाळी, भोवताली बाग. आणि विहिरीच्या कठड्यावर गोल फिरत जाणारा लेख, की बिठूरच्या बंडखोर नाना धोंडोपंताच्या माणसांनी जवळच क्रूरपणे मारलेल्या, आणि मेलेल्यांबरोबर अर्धमेल्या अवस्थेतच या विहिरीत फेकलेल्या ख्रिस्ती लोकांच्या, मुख्यतः बायकामुलांच्या कायमच्या स्मृतीसाठी. नाना धोंडोपंत म्हणजे आपले नानासाहेब पेशवे, कर्जतजवळच्या वेणगावात जन्मलेले. इंग्लंडहून येणारा प्रत्येक साहेब, मडम तिथं जाऊन ते नाव वाचून यायचे, काही काळ तर ताजमहालापेक्षा ह्या विहिरीला जास्त गोरे लोक भेट द्यायचे असं सांगतात.

बागेचा खर्च कानपूरच्या लोकांवर दंड बसवून वसूल केला आणि त्याच लोकांना बागेत पासशिवाय सोडत नव्हते. म्हणजे पैसे तुमचे, गुन्हेगार तुम्ही आणि आत यायला बंदी. असं स्मारक ऐंशीच्या वर वर्षं गावाच्या मधोमध असेल तर त्या गावाला काय वाटत असेल याचा विचार करा.

पण बीबीघर खरंच घडलं का? की इंग्रजांचा प्रचार?

घडलं. इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्यात बलात्काराच्या वगैरे ज्या गोष्टी घुसडल्या त्यांना नंतर त्यांच्याच चौकशीत पुरावा मिळाला नाही, पण बायकामुलं मारली हे खरं आहे आणि हे मराठीत स्पष्ट म्हणायला आपण कचरतो ह्याचं मला वाईट वाटतं. हुकूम नक्की कोणी दिला यावर वाद आहे, नानासाहेबांनी की त्यांच्या भोवतालच्या कोणी, त्यात मी शिरत नाही.

पण तारखाही बघा. जेम्स नील नावाचा कर्नल जूनच्या सुरुवातीलाच बनारसला पोचला होता आणि तिथून अलाहाबादपर्यंत त्यानं आणि त्याच्या लोकांनी गावंच्या गावं जाळली, झाडाझाडाला माणसं लटकवली, आणि हे सगळं बीबीघरच्या आधीचं. बीबीघर नंतर कारण म्हणून सांगितलं गेलं. कानपूर परत घेतल्यावर ह्याच नीलनं पकडलेल्या माणसांना फासावर देण्याआधी तिथलं वाळलेलं रक्त जिभेनं साफ करायला लावलं. ह्या माणसाचे पुढे पुतळे झाले, एक स्कॉटलंडमधे त्याच्या गावी एअरला, एक मद्रासला माउंट रोडवर.

मद्रासच्या पुतळ्याचं पुढे काय झालं ते सांगायलाच हवं. १९२७ मधे तिथल्या तरुणांनी तो हटवा म्हणून सत्याग्रह केला, लोक हातोडे-कुऱ्हाडी घेऊन जायचे, पुतळ्यावर घाव घालायचे आणि शांतपणे अटक करून घ्यायचे. तेव्हा हटला नाही. १९३७ ला राजाजींचं मंत्रिमंडळ आलं आणि तो उचलून म्युझियममधे नेऊन ठेवला. मद्रास उठावात नव्हतं बरं का, तरीही सत्तर वर्षांनी त्या शहराला तो पुतळा सहन होईना.

मग आपल्या बाजूच्या लोकांची आठवण कुठं राहिली?

गाण्यांत, घरांत, आणि भीतभीत लिहिलेल्या कागदांत. बुंदेलखंडात राणीची गाणी, बिहारमधे भोजपूरकडे कुंवरसिंहांची, तीही होळीला म्हणायची, कारण होळीच्या गाण्यावर पोलीस किती लक्ष ठेवणार.

मराठीत तर आपल्याकडे सोनं आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे कर्ज फेडायला दक्षिणा मिळेल म्हणून उत्तरेत गेले आणि नेमके उठावात सापडले, झाशीच्या वेढ्यात ते शहराच्या आत होते, एप्रिल १८५८ मधे शहर पडल्यावरची लूट आणि कत्तल त्यांनी डोळ्यांनी बघितली. घरी परत येऊन कितीतरी वर्षांनी चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी ‘माझा प्रवास’ लिहिला, तोही लगेच छापला नाही, १९०७ मधे छापला तो वैद्यांच्या हातच्या फेरफारासकट, मूळ बाड जसंच्या तसं वाचायला मिळालं ते १९६६ मधे, दत्तो वामन पोतदारांमुळे. भटजींना ना देशभक्तीचं भाषण करायचंय ना इंग्रजांना खूश करायचंय, पाणी कुठं मिळालं, पैसे कसे लपवले, कोण रडत होतं, असलं सगळं लिहितात. १८५७ बद्दल एकच काहीतरी वाचणार असाल तर हे वाचा, हे मी सगळ्यांना सांगत असते.

१९०७ मधे लंडनला काय झालं होतं?

पन्नास वर्षं झाली म्हणून इंग्रज तिकडे आपला विजय साजरा करत होते आणि त्याच शहरात इंडिया हाऊसमधे हिंदी विद्यार्थ्यांनी १० मे ला हुतात्म्यांचा दिवस पाळला. १८५७ च्या हुतात्म्यांना वंदन असे बिल्ले लावून पोरं कॉलेजला गेली आणि काहींना त्यापायी कॉलेज सोडावं लागलं. सावरकरांनी त्याच काळात मराठीत १८५७ चा इतिहास लिहिला, सरकारनं तो छापून व्हायच्या आधीच त्यावर बंदी घातली, शेवटी इंग्रजी भाषांतर १९०९ मधे हॉलंडमधे छापून निघालं आणि लपूनछपून इकडे आलं. स्वातंत्र्ययुद्ध हा शब्द आपल्या अंगवळणी पडला तो मुख्यतः इथून. त्या पुस्तकात हिंदू-मुसलमान एकत्र लढले यावर त्यांनी किती भर दिलाय हे ते हल्ली कमी लोक वाचतात म्हणून मुद्दाम सांगते.

स्वातंत्र्यानंतर इंग्रजांची स्मारकं पाडली का?

काही हलवली, काही तशीच राहिली, आणि एका ठिकाणी फार शहाणपणानं वागले.

कानपूरला १५ ऑगस्ट १९४७ च्या आसपास जमावानं देवदूताची मोडतोड केली, मग तो आणि जाळी तिथल्या मेमोरियल चर्चच्या आवारात हलवली, बागेचं नाव नानाराव पार्क झालं आणि आज तिथं तात्या टोपेंचा पुतळा आहे. लखनौच्या रेसिडेन्सीवर, म्हणजे उठावात वेढा पडलेल्या इंग्रज रेसिडेंटच्या वाड्यावर, रात्रंदिवस फडकत असलेला युनियन जॅक ऑगस्ट १९४७ मधे रात्री गुपचूप उतरवला आणि पुढे १९५७ ला समोर गोमतीच्या काठी शहीद स्मारक उभं केलं, रेसिडेन्सीचे तोफांनी फोडलेले अवशेष मात्र जपले. दिल्लीत काश्मिरी गेटजवळ जॉन निकल्सन या दिल्लीच्या हल्ल्यात मेलेल्या इंग्रज सेनापतीचा पुतळा होता, तो उत्तर आयर्लंडमधे डंगॅननच्या शाळेत गेला.

शहाणपणा म्हणते तो दिल्लीच्या रिज नावाच्या टेकडीवरचा. तिथं १८६३ चा लाल दगडाचा अष्टकोनी मनोरा आहे, अंगावर पाट्या, दिल्ली फील्ड फोर्समधे, म्हणजे दिल्ली परत घेणाऱ्या इंग्रज फौजेत, ३० मे ते २० सप्टेंबर १८५७ मधे कोण कोण मेलं, किती जखमी झाले. पलटणवार आकडे, युरोपियन वेगळे, नेटिव्ह वेगळे, आणि ज्यांच्याशी लढले त्यांना शत्रू म्हटलंय. पाडायला सोपा होता. १९७२ मधे स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा त्याला अजितगढ नाव दिलं आणि जुन्या पाट्यांना हात न लावता शेजारी नवी पाटी लावली, तिचा आशय असा की या स्मारकावर ज्यांना शत्रू म्हटलंय ते परकीय सत्तेविरुद्ध उठलेले, देशाच्या मुक्तीसाठी शौर्यानं लढलेले लोक होते, त्या अमर हुतात्म्यांच्या स्मृतीसाठी ही पाटी. दोन पाट्या, एकाच भिंतीवर. दोन्ही वाचायच्या आणि मग त्या नेटिव्ह रकान्याकडे परत बघायचं, कारण ते आकडेसुद्धा इथल्याच घरांतल्या माणसांचे आहेत. त्यांच्याबद्दल दोन्ही पाट्या फारसं काही बोलत नाहीत.

म्हणजे पुतळे हटवूच नयेत असं म्हणणं आहे का?

नाही, नीलचा हटवला ते बरोबरच झालं, पुतळा म्हणजे त्या माणसाचा मान असतो आणि भरचौकात नीलचा मान कोणी का राखावा. पण तो फोडून टाकला नाही, म्युझियममधे नेला, हे जास्त बरोबर. मेलेल्यांच्या नावांच्या पाट्या, कबरी, विहिरी ह्यांना मात्र कोणीही हात लावू नये, मेलेले कोणत्याही बाजूचे असोत. २००७ मधे दीडशे वर्षं झाली म्हणून ब्रिटिश सैनिकांचे वंशज वगैरे मंडळी लखनौला आली होती तेव्हा त्यांच्याविरुद्ध निदर्शनं झाली, बाटल्या फेकल्या गेल्या. राग मला कळतो, विजयाची पाटी मिरवायला कोणी येत असेल तर विरोध करावाच. पण पणजोबाच्या कबरीवर फूल ठेवायला आलेल्या म्हाताऱ्यावर बाटली फेकून आपल्या कुठल्या हुतात्म्याचा मान वाढतो?

पंजाबी लोक १८५७ बद्दल वेगळं का बोलतात?

कारण १८४९ मधे शिखांचं राज्य बुडवलं त्या ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत हेच पूरबिया, म्हणजे पूर्वेकडच्या अवध-बिहारचे, शिपाई होते. आठ वर्षांत तेच शिपाई म्हणायला लागले चला इंग्रजांविरुद्ध, तर शिखांनी त्यांच्यावर भरवसा का ठेवावा? हे समजून न घेता त्यांना गद्दार म्हणणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत.

आणि पंजाबमधेच अजनाळ्याची विहीर आहे, अमृतसरजवळ. लाहोरच्या छावणीतून पळालेले २६ व्या पलटणीचे शिपाई, आधीच नि:शस्त्र केलेले, रावीच्या काठी पकडले आणि १ ऑगस्ट १८५७ ला दहा-दहाच्या तुकड्यांत बाहेर काढून गोळ्या घातल्या. २३७ जणांना गोळ्या घातल्यावर बाकीचे बाहेर येईनात म्हणून दार उघडलं तर आत ४५ प्रेतं, कोंडून, गुदमरून मेलेली. एकूण २८२, सगळे एका विहिरीत. हे आकडे फ्रेडरिक कूपर या अमृतसरच्या डेप्युटी कमिशनरनं स्वतःच्या पुस्तकात अभिमानानं लिहिलेत, आणि तो तिथं कानपूरच्या विहिरीचीही आठवण काढतो.

पुढे त्या जागेवर गुरुद्वारा झाला. २०१४ मधे गावकऱ्यांनी आणि गुरुद्वाऱ्याच्या लोकांनी, मुख्यतः शिखांनीच, गुरुद्वारा बाजूला हलवून विहीर उकरली, आणि खाली हाडं, दात, नाणी, पदकं सापडली. नंतर डीएनए तपासणी झाली आणि २०२२ मधे आलेल्या संशोधनात ही माणसं गंगेच्या खोऱ्यातली, पूर्व उत्तर प्रदेश-बिहार-बंगालकडची असल्याचं दिसलं. म्हणजे ज्यांच्या पणजोबांचा ह्या पूरबियांवर राग होता त्यांनीच हातांनी माती काढून त्यांना वर आणलं. १८५७ च्या सगळ्या स्मारकांत मला हे सगळ्यात मोठं वाटतं.

दलित समाजाची १८५७ ची आठवण वेगळी आहे का?

हो, आणि एकसारखीही नाही. उत्तर प्रदेशात कोरी समाजात झलकारीबाई, राणीसारखी दिसणारी, राणीला निसटता यावं म्हणून तिच्या वेशात शत्रूला सामोरी गेलेली. पासी समाजात ऊदादेवी, लखनौच्या सिकंदरबागेत झाडावर चढून इंग्रजांना टिपणारी, १६ नोव्हेंबरला तिच्यासाठी लोक जमतात, सिकंदरबागेसमोर तिचा पुतळा आहे. झलकारीबाईंवर २००१ मधे टपाल तिकीट निघालं. कागदोपत्री पुरावा किती हा प्रश्न लोक लगेच विचारतात, विचारावाही, पण राजे-जमीनदारांच्या पराक्रमाचे पुरावे इतक्या बारकाईनं मागताना कोणी दिसत नाही. ज्यांना लिहू दिलं नाही त्यांची आठवण तोंडीच असणार.

महाराष्ट्रात दुसरी बाजू आहे. जोतीराव फुले तेव्हा तिशीत होते आणि फुले व पुढची सत्यशोधक मंडळी ह्या उठावाकडे संशयानंच बघत आली, पेशवाई परत आली असती तर शूद्रातिशूद्रांच्या पोरांच्या शाळांचं काय झालं असतं, हा रोकडा प्रश्न होता. नानासाहेबांवर प्रेम असलेल्या माणसानंही ह्या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं, टाळून चालत नाही.

महाराष्ट्रात काय काय झालं होतं? शाळेत तर काहीच शिकवलं नाही

बरंच. आणि विसरलोही बरंच.

मुंबईत १५ ऑक्टोबर १८५७ ला सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोन शिपायांना एस्प्लनेडवर, म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या भागात, हजारो लोकांदेखत तोफेच्या तोंडी दिलं. सीएसएमटीला उतरून रोज लाखो माणसं तिथून जातात, कितीजणांना ही दोन नावं माहीत आहेत?

साताऱ्याला रंगो बापूजी गुप्ते, ज्यांनी छत्रपती प्रतापसिंहांचं गाऱ्हाणं घेऊन लंडनला जवळजवळ चौदा वर्षं काढली, ते परत आल्यावर कटात होते, स्वतः निसटले ते कायमचे, कुणालाच सापडले नाहीत, आणि ८ सप्टेंबर १८५७ ला गेंडामाळावर १७ जणांना मारलं, त्यात त्यांचा मुलगा सीताराम होता. कोल्हापूरला ३१ जुलैला २७ वी पलटण उठली, पुढे कोल्हापूरच्या छत्रपतींचे धाकटे भाऊ चिमासाहेब यांना कराचीला नेऊन ठेवलं. नाशिक-नगरकडे भागोजी नाईक, सातपुड्यात खाज्या नाईक आणि भीमा नाईक, भिल्लांची लढाई तर दिल्ली पडल्यावरही सुरू होती, भागोजी १८५९ मधे सिन्नरजवळ मारले गेले. येवल्याला तात्या टोपेंचं जन्मगाव म्हणून अभिमान आहे, पुण्यात बालगंधर्वजवळ राणीचा घोड्यावरचा पुतळा आहे, पण भागोजी नाईकांचं नाव त्यांच्या तालुक्याबाहेर घेतलं जात नाही. जंगलातल्या माणसाचं लढणं आपण अजूनही लुटालूट समजतो, इंग्रज समजायचे तसंच.

इंग्लंडमधे आज ह्याची आठवण आहे का?

पुतळ्यांत आहे, डोक्यात फारशी नाही. लंडनच्या ट्रफाल्गर चौकात हॅवलॉकचा पुतळा आहे, कानपूर परत घेणारा आणि लखनौला जाणारा तोच. २००० मधे तिथले महापौर केन लिव्हिंगस्टन म्हणाले की चौकातले हॅवलॉक आणि नेपियर हे दोन सेनापती कोण ते आपल्याला माहीत नाही, दुसऱ्या कुणाचे तरी पुतळे बसवू. पुतळे तिथंच आहेत.

आणि १९६३ मधे केंट परगण्यात ‘द लॉर्ड क्लाइड’ नावाच्या पबमधे एक कवटी सापडली, डोळ्याच्या खोबणीत चिठ्ठी, की ही हवालदार आलम बेगची, ४६ वी बंगाल पलटण, तोफेच्या तोंडी दिलेला, वय साधारण बत्तीस, उंची अमुक. १८५८ मधे सियालकोटला शिक्षेच्या वेळी हजर असलेल्या एका कॅप्टननं ती आठवण म्हणून घरी आणली होती. इतिहासकार किम वॅग्नर यांनी २०१७ मधे त्यावर सगळा शोध घेऊन लिहिलं. ज्याच्या नावाचा तो पब, तो लॉर्ड क्लाइड म्हणजे लखनौ जिंकणारा कॉलिन कॅम्पबेल. नीलचा, हॅवलॉकचा, निकल्सनचा संगमरवर आणि ब्राँझ, आणि आलम बेगची चिठ्ठी. ही तफावत मला कधी पचत नाही.

आमच्या घरात १८५७ बद्दलच्या गोष्टी सांगतात, जुने मोडी कागदही आहेत. काय करू?

सगळ्यात आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाशेजारी फोनवर रेकॉर्डिंग लावून बसा, मधे मधे दुरुस्त करू नका, गोष्ट इतिहासाशी जुळत नसली तरी पूर्ण सांगू द्या, कोणाकडून ऐकली तेही विचारा. कागदांना लॅमिनेशन करू नका, सेलोटेप तर अजिबात लावू नका, सावलीत सपाट ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि मोडी वाचणाऱ्याला दाखवा, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात विचारलं तर वाट सापडेल. आणि त्या कागदात आपले पूर्वज इंग्रजांकडून बक्षीस घेताना दिसले, इनाम मिळालेलं दिसलं, तर तो कागद बाजूला टाकू नका, बाकीच्यांबरोबरच ठेवा आणि दाखवताना तोही दाखवा.